मिसरी-अरबी पोशाख आणि आपला सदरा

अमरावतीच्या जवाहर दरवाजातून आत शिरावे, बाजाराच्या वाटेवर एखाद्या दुकानाच्या पायरीशी घटकाभर उभे राहावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या अंगावरचे कपडे तेवढे पाहावेत. धोतर, सदरा आणि पांढरी टोपी घातलेला खेड्यातला म्हातारा. त्याला ओलांडून जाणारा लांब झब्ब्यातला तरुण. लुगड्याचा पदर डोक्यावर घेतलेली एक बाई, काळा बुरखा घेतलेली दुसरी. अकोल्याच्या कापडबाजारात उभे राहिले तरी देखावा हाच. आपण पाहतो आणि मनातल्या मनात निकाल देऊन टाकतो : हा आपला, तो परका, हा इथला, तो तिकडला. हा निकाल देताना कोणी साक्षीपुरावा घेत नाही. कपडा पाहिला की खटला संपला.

आज आपल्याला मिसर देशाच्या, म्हणजे इजिप्तच्या, आणि अरब लोकांच्या पोशाखाचा इतिहास पाहावयाचा आहे. वऱ्हाडातल्या श्रोत्याला या दूरच्या विषयाचे काय, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, बाजारात आपण जो झटपट निकाल देतो त्याची फेरतपासणी करावयाची, तर तिला याहून चांगला विषय मिळणार नाही. त्या देशांचा कपडा आणि आपला कपडा यांची देवघेव दोन हजार वर्षांची आहे, आणि तिच्या खुणा तुमच्याआमच्या अंगावर आहेत.

प्रारंभीच एक गोड समजूत दूर केली पाहिजे. ती आपल्याच बाजूची आहे म्हणून तर आधी केली पाहिजे. मिसरमधील प्राचीन राजांचे मृतदेह, ज्यांना ममी म्हणतात, ते हिंदुस्थानी मलमलीत गुंडाळलेले होते, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगतात. अशा वाक्याला टाळ्याही पडतात. परंतु ते खरे नाही. १८३४ साली जेम्स टॉमसन या इंग्रज गृहस्थाने ममीवरील वस्त्रांचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतले आणि ते कापसाचे नसून जवसाच्या झाडाचे आहेत असे दाखवून दिले. पुढील संशोधनानेही तेच कायम केले. खोट्या अभिमानाची आपल्याला गरज नाही. खरा अभिमान बाळगण्याजोगे पुढे पुष्कळ आहे.

जवस म्हटल्यावर वऱ्हाडी माणसाला चटणी आठवते आणि तेल आठवते. आपल्याकडे रब्बीत पेरतात त्याच जातीचे हे झाड. नाईलकाठच्या शेतकऱ्याने मात्र त्याच्या बियांपेक्षा देठाला जपले. झाड मुळासकट उपटावयाचे, वाळवावयाचे, पाण्यात कुजवावयाचे, बडवावयाचे आणि आतला धागा विंचरून काढावयाचा. आपल्याकडे अंबाडीचा वाख काढतात तीच ही रीत, फक्त अधिक नाजूक हाताने केलेली. एकाच झाडाकडे पाहून दोन देशांनी दोन गोष्टी मागितल्या, याचे कारण उघड आहे. धाग्यासाठी आपल्या देशात कापूस होता. मोहेंजोदडो येथे चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेले कापसाचे तंतू सापडले आहेत, ते चार हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

मिसरची कोरडी वाळू ही इतिहासाची मोठी मैत्रीण आहे. कैरोच्या दक्षिणेस तारखान नावाचे ठिकाण आहे. तेथे फ्लिंडर्स पेट्री याने १९१२-१३ च्या सुमारास उत्खनन केले. त्यात मिळालेल्या चिंध्यांची गाठोडी लंडनला गेली आणि तशीच पडून राहिली. १९७७ साली ती धुऊन साफ करावयास घेतली, तेव्हा एकातून एक झगा निघाला. जवसाच्या धाग्याचे कापड, बाह्यांना व खांद्याला चुण्या, बगलेत आणि कोपराशी वापराने पडलेल्या घड्या. कोणी तरी तो अंगात घातला होता, काढला होता, पुन्हा घातला होता. किरणोत्सारी कार्बनाच्या कसोटीने त्याचा काळ इसवी सनापूर्वी ३४८२ ते ३१०२ या दरम्यानचा ठरला. आजवर सापडलेल्या विणलेल्या व शिवलेल्या पोशाखांत याच्याहून जुना पोशाख माहीत नाही. मृताच्या अंगाला गुंडाळलेले वस्त्र वेगळे आणि जिवंत माणसाने वापरून चुरगळलेला कपडा वेगळा. या झग्यापुढे उभे राहिले की पाच हजार वर्षांचे अंतर एकदम ओसरते.

सर्वसाधारण मिसरी पुरुष मात्र कमरेला आखूड वस्त्र गुंडाळून काम करी. मजुराचा आणि राजाचा आतला कपडा आकाराने एकच असे. १९२२ साली तुतनखामेन राजाची कबर उघडली, तीत सोन्याच्या ढिगाबरोबर शंभराहून अधिक तिकोनी लंगोट निघाले. फरक होता तो सुताचा. राजाचा लंगोट इतक्या तलम कापडाचा, की आजच्या यंत्रालाही तो विचार करावयास लावील.

ग्रीक इतिहासकार हिरोडोटस इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात मिसरला गेला होता. त्याने एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे, ती आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना ऐकवण्याजोगी आहे. मिसरी लोक जवसाच्या वस्त्रावर लोकरीचे पांढरे वस्त्र पांघरत, पण देवळात जाताना लोकर बाहेर ठेवीत. पुजाऱ्याला तर जवसाखेरीज दुसरे वस्त्रच चालत नसे. आपल्याकडे नेमके उलट. सुती धोतर शिवाशिवीने ओवळे होते आणि लोकरीची धाबळी किंवा रेशमी मुकटा सोवळ्याला चालतो. तेथे लोकर अपवित्र, येथे लोकर पवित्र. आणि आपलाच नियम देवाने घालून दिला आहे अशी खात्री दोघांचीही.

आता आपल्याकडून तिकडे काय गेले ते पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसरमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. त्यात भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, अशी दोन मोठी शहरे सांगितली आहेत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. या तगरातून साधे सुती कापड पुष्कळ आणि तलम कापडाचे नाना प्रकार गाड्यांत भरून, बिनरस्त्याच्या मुलखातून भडोचला जात, असे तो लिहितो. भडोचहून पाल उभारलेली गलबते मिसरच्या बंदरांकडे निघत.

त्यांपैकी बेरेनिके हे बंदर वाळूखाली गाडले गेले होते. १९९४ पासून तेथे उत्खनन झाले, तेव्हा सुती कापडाचे तुकडे हाती लागले. ते हिंदुस्थानचे कशावरून? येथे सुताची साक्ष उपयोगी पडते. मिसरमधील कातणारे सुताला एका बाजूने पीळ देत, हिंदुस्थानातील कातणारे उलट बाजूने. हाताची सवय पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही, आणि पीळ एकदा बसला की दोन हजार वर्षे टिकतो. अशा रीतीने कोणा अनामिक बाईच्या बोटांनी दिलेला पीळ आज पुरावा म्हणून उभा आहे. तगरच्या कापडाची कीर्ती ग्रंथात आहे, आणि हिंदुस्थानी सुताचा पीळ वाळूत आहे. दोन्ही एकमेकांना दुजोरा देतात.

ही आवक इस्लामच्या उदयानंतर थांबली नाही, उलट वाढली. जुन्या कैरोत फुस्तात नावाचा भाग आहे. तेथील उकिरड्यांतून व कबरींतून ठशांनी छापलेल्या सुती कापडाच्या चिंध्या निघाल्या. निळी जमीन, लाल फुले, हंसांच्या ओळी. त्यांतील बाराशेंच्या आसपास तुकडे आज ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयात आहेत. त्यांतले बहुतेक गुजरातेत छापले गेले, आणि जुन्यांत जुने तुकडे हजार वर्षांच्या घरातले आहेत. हे कापड वऱ्हाडचे होते असा दावा आम्ही करणार नाही. आम्हाला त्यातील एका गोष्टीचे महत्त्व अधिक वाटते. या तुकड्यांना ठिगळे आहेत, रफू आहे, जुने फाडून त्यातून नवे शिवल्याच्या खुणा आहेत. ही अमीर-उमरावांची वस्त्रे नव्हेत. कैरोतील गरीब माणसाने हंसांची नक्षी आपली म्हणून अंगावर घेतली. हा हंस कोणत्या धर्माचा, असे त्याने विचारल्याचे दिसत नाही.

उलट दिशेने आपल्याकडे काय आले, या प्रश्नाचे एक ठराविक उत्तर आहे : शिवलेले कपडे मुसलमानांनी आणले, त्यापूर्वी आपण सगळे गुंडाळत होतो. हे उत्तर तपासून पाहावयास वऱ्हाडबाहेर फार दूर जावयास नको. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या घराण्यातील हरिषेण राजाच्या काळी, पाचव्या शतकात, अजिंठ्याची कितीतरी लेणी खोदली व रंगविली गेली. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात त्याचा मंत्री वराहदेव याचे नाव आहे. तेथील चित्रांत सेवकांच्या अंगात लांब बाह्यांचे अंगरखे आहेत, स्त्रियांच्या अंगात चोळ्या आहेत, आणि पहिल्या लेण्याच्या छतावर उंच टोपी, कोट व पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घातलेले परदेशी पाहुणे मद्य पीत बसलेले आहेत. हे सर्व इस्लामच्या स्थापनेपूर्वी शंभराहून अधिक वर्षांचे. सुई-दोरा आपल्याकडे आधीच होता. राजदरबाराच्या चालीने शिवलेला कपडा पुढे अधिक पसरला, एवढेच फार तर म्हणता येईल.

आणि ज्या अरबांनी शिवलेले कपडे आणले म्हणून समजतात, ते स्वतः काय नेसत होते? जुन्या अरबाचा मूळ पोशाख दोन न शिवलेल्या वस्त्रांचा : कमरेला ‘इजार’ आणि खांद्यावर ‘रिदा’. म्हणजे आपले धोतर आणि उपरणेच म्हणा. हज यात्रेला जाणारा पुरुष आजही मक्केच्या हद्दीपूर्वी शिवलेले कपडे उतरवितो आणि दोन पांढरी, बिनशिवणीची वस्त्रे अंगावर घेतो. तेथे राजा आणि हमाल एकाच वेषात उभे राहतात. आपल्याकडे पूजेला बसणारा गृहस्थ सदरा काढून सोवळे नेसतो, तेही बिनशिवणीचेच. देवापुढे जाताना शिंप्याला बाहेर ठेवावे ही भावना दोन्ही ठिकाणी आहे. वाळवंटातील अरबाचा उंटाच्या किंवा मेंढीच्या लोकरीचा ‘अबा’ आणि आपल्या धनगराची घोंगडी यांचेही तसेच. उन्हात सावली, पावसात छत, रात्री अंथरूण. हवामान आणि जनावरे जी शिकवण देतात, ती माणसे कोठेही सारखीच घेतात.

खरी देवघेव दिसते ती शब्दांत. शब्दही कपड्यासारखेच प्रवास करतात, आणि प्रवासात त्यांची बेतणी बदलते. अरबाची ‘इजार’ बिनशिवणीची. इराणात ती दोन पायांची झाली आणि मराठीत आली ती विजार होऊन. ‘जुब्बा’ हा अरबांचा लांब बाह्यांचा पायघोळ कपडा. आपण त्याचा जुब्बाही केला आणि झब्बाही केला. तोच शब्द पश्चिमेस गेला, आणि फ्रेंच बायका आपल्या घागऱ्याला ‘ज्यूप’ म्हणतात तो त्याचाच नातलग. ‘मखमल’ आणि ‘अतलस’ हे अरबी. ‘बुरखा’ अरबी आणि फकिराची ‘कफनी’ही अरबी, कारण ‘कफन’ म्हणजे प्रेतवस्त्र. जिवंतपणीच प्रेताचे वस्त्र घालून हिंडणारा तो फकीर. ‘पायजामा’ इराणी, ‘मोजा’ आणि ‘रुमाल’ही इराणी. आणि ज्याला आपण अस्सल खेडुताचा पोशाख समजतो त्या ‘सदऱ्या’चे मूळ कोशकार ‘सद्र’ म्हणजे छाती या अरबी शब्दात दाखवितात. बाजारात धोतर-सदऱ्यातल्या ज्या म्हाताऱ्याला आपण निःशंकपणे ‘इथला’ ठरविले, त्याच्या छातीवरच अरबी शब्द आहे.

पण म्हणून हे सारे अरबांचे, असे म्हणावयाची सोय नाही. ‘खमीस’ हा शब्द आपल्याला अरबांनी दिला, परंतु अरबांना तो बहुधा रोमनांच्या लॅटिनमधून मिळाला. ‘मंदिल’ हे आपल्याकडे जरीच्या पागोट्याचे नाव; अरबीत ‘मंदील’ म्हणजे रुमाल, आणि त्याचेही मूळ लॅटिन. बाळापूरची पागोटी एके काळी नावाजलेली होती. त्या पागोट्याला कोणी मंदिल म्हटले असेल, तर रोमचा हातरुमाल कैरो-बगदादवरून बाळापूरला येऊन डोक्यावर बसला असे म्हणावे लागेल. शब्दाचे कूळ शोधीत मागे जाता जाता मूळ पुरुष सापडतच नाही. प्रत्येक वेळी आणखी एक पाहुणा निघतो.

आतापर्यंत पाहिली ती कपड्याची गोड बाजू. त्याला दुसरीही बाजू आहे. सत्ता कपड्याने मान देते आणि कपड्यानेच अपमान करते. मान देण्याची रीत म्हणजे ‘खिलत’. या अरबी शब्दाच्या मुळाशी ‘अंगातून काढणे’ असा अर्थ आहे : राजाने आपल्या अंगावरचे वस्त्र काढून सेवकाला द्यावयाचे. मिसरच्या फातिमी खलिफांच्या सरकारी विणकामशाळांतून खलिफाचे नाव काठावर विणलेली वस्त्रे निघत आणि अधिकाऱ्यांना मिळत. मक्केच्या काबागृहावर घालावयाचे वस्त्र शतकानुशतके मिसरमधून मिरवणुकीने जाई. मिसरच्या सुलतानांना हा मान साऱ्या मुसलमानी जगात मिरविता येई. आपल्याकडे पेशवाईची ‘वस्त्रे’ मिळत, नागपूरकर भोसल्यांना सेनासाहेबसुभ्याची ‘वस्त्रे’ मिळत. पद आणि वस्त्र यांना एकच शब्द होता.

अपमानाची रीत याच नाण्याची दुसरी बाजू. १३०१ साली मिसरच्या मामलुक सरकारने हुकूम काढला : ख्रिस्त्यांनी निळे पागोटे बांधावे, यहुद्यांनी पिवळे. पांढरे पागोटे मुसलमानांचे. शेकडो वर्षे एकाच गल्लीत राहणारी, एकच भाषा बोलणारी माणसे दुरून ओळखू यावीत, यासाठी ही तजवीज. बाजारातील ज्या निकालाने आपण आरंभ केला, तो येथे सरकारी कायदा झाला.

हे वाचून मिसरला नावे ठेवण्यापूर्वी आपण आपल्या घराकडे पाहावे. कोणत्या जातीच्या बाईने लुगडे कोठवर नेसावे, कोणता दागिना घालावा, कोणाच्या डोक्याला चांगले पागोटे चालेल, याचे नियम आपल्या गावांनी सरकारी हुकुमाशिवाय पाळले आणि पाळावयास लावले. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांपुढे भाषण केले, त्यात लुगडे नेसण्याच्या पद्धतीचा विषय मुद्दाम घेतला. जातीची खूण पटविणारी नेसण सोडा, असे त्यांचे सांगणे होते. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा उभा राहिला. देवळाचा दरवाजा आणि लुगड्याची नेसण हे एकाच लढ्याचे दोन भाग होते. निळ्या पागोट्याचा अर्थ ज्यांना या मातीत कळला, ते हे लोक.

अरब माणूस प्रत्यक्ष आपल्या मुलखात आला, तो शिपाई म्हणून. अरबस्तानच्या दक्षिणेस हद्रामौत नावाचा कोरडा प्रांत आहे; तेथील तरुण पोट भरण्यासाठी समुद्र ओलांडून निजामाच्या आणि भोसल्यांच्या फौजेत भरती होत. वऱ्हाडावर त्या काळी या दोघांचा दुहेरी अंमल होता. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई भोसल्यांनी गमावली. त्यांचे अरब शिपाई मात्र नागपूर शहर धरून बसले आणि डिसेंबरअखेर, बोलणी होऊन, आपला कुटुंबकबिला घेऊन बाहेर पडले. कमरेचा वाकडा ‘जंबिया’ त्यांच्यामुळे मराठीत राहिला. फौजेतील हुद्द्यावरून पडलेले ‘चाऊस’ हे आडनाव मराठवाड्यात आणि वऱ्हाडातही आहे, आणि तो शब्द मुळात तुर्की आहे. हद्रामौतचा पुरुष आजही कमरेला ‘फुता’ नावाचे बिनशिवणीचे वस्त्र गुंडाळतो. तो येथे आला तेव्हा त्याला आपल्या माणसांचे धोतर पाहून फार परके वाटले नसावे. आपल्यालाच त्याची लुंगी परकी वाटते.

आता टोपीकडे वळू. लाल गोंड्याची तुर्की टोपी आपल्याकडे मुसलमानांची खूण मानली जाई. तिचा इतिहास मोठा गमतीचा आहे. तुर्की सुलतान दुसरा महमूद याने १८२९ मध्ये ती सरकारी नोकरांना सक्तीची केली, ती पागोट्यांवरून ओळखू येणारे धर्मभेद व दर्जाभेद झाकावेत म्हणून. मिसरमध्येही ‘तरबूश’ या नावाने ती साहेबी शिक्षण घेतलेल्या बाबूंची टोपी झाली. भेद झाकणारी टोपी पुढे भेदाचीच खूण बनली, आणि १९२५ मध्ये केमाल पाशाने तुर्कस्थानात कायद्याने ती बंद केली. मिसरमध्ये १९५२ च्या क्रांतीनंतर तीही गेली. यातील खरी मौज अशी, की या टोप्यांचा मोठा भाग ऑस्ट्रियाच्या राज्यातील कारखान्यांत तयार होई. १९०८ मध्ये ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला, तेव्हा तुर्की लोकांनी रागाने त्या टोप्यांवर बहिष्कार टाकला. तेच दिवस आपल्याकडे स्वदेशीचे होते. अमरावतीत दादासाहेब खापर्डे परदेशी कापडाविरुद्ध लोकांना उठवीत होते. आपल्या डोक्यावरची आणि अंगावरची वस्तू कोणाच्या कारखान्यातून येते, हा प्रश्न इस्तंबूल आणि अमरावती या दोन्ही शहरांनी जवळजवळ एकाच वेळी विचारला.

हा प्रश्न दोघांनाही पडला, याच्या मुळाशी कापूस आहे. वऱ्हाडात पोशाखाची गोष्ट कापसावाचून पुरी होऊच शकत नाही. मिसरमध्ये जवसाचे राज्य संपून लांब धाग्याचा कापूस आला तो १८२० नंतर, महंमद अलीच्या कारकिर्दीत; ज्युमेल नावाच्या फ्रेंच माणसाने त्याचे वाण पुढे आणले. वऱ्हाडचा कापूस आखूड धाग्याचा, पण जुना. अमरावतीच्या नावावरून परदेशच्या बाजारात त्याला ‘ऊमरा’ म्हणत. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या. त्यांचे लक्ष दोन देशांकडे वळले : मिसर आणि हिंदुस्थान. भाव चढले. नाईलकाठचा ‘फल्लाह’, म्हणजे तेथला कुणबी, आणि पूर्णाकाठचा आपला कुणबी एकाच वर्षी धान्याची जमीन मोडून कापूस लावू लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, आणि भाव कोसळले तेही दोघांचे एकदमच.

तोवर आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचली होती. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाला. त्या दिवसापासून वऱ्हाडच्या गाठी मिसरच्या शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत विलायतेकडे जाऊ लागल्या. मिसरचा राजा इस्माईल कापसाच्या तेजीत कर्ज काढून बसला होता. १८७६ मध्ये त्याच्या सरकारचे दिवाळे वाजले आणि १८८२ मध्ये इंग्रजी फौज तेथे उतरली. जगातील उत्तम लांब धाग्याचा कापूस पिकविणारा फल्लाह स्वतः काय घाले? निळीत बुडविलेला जाडाभरडा ‘गलाबिया’ : गळ्याशी उघडा, रुंद बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा एकच झगा. आणि आपला कुणबी? गुडघ्यापर्यंतचे धोतर, बंडी, खांद्यावर दुपट्टा, आणि नवा कपडा पोळ्याला किंवा लग्नाला. दोघांच्या कापसाचे कापड दूर देशी विणले गेले आणि तेच कापड त्यांच्या बाजारात विकावयास आले. गलाबिया आणि बंडी यांची शिवण वेगळी, परंतु त्यांच्या मागची हिशेबाची वही एकच होती. या दोन माणसांना एकमेकांचे नावही माहीत नव्हते. आम्हाला मात्र वाटते की, मिसरच्या कोणत्याही राजापेक्षा तो फल्लाह आपला अधिक जवळचा.

येथे एका वऱ्हाडी पोशाखाची आठवण आम्हाला टाळता येत नाही. शेंडगाव हे अमरावती जिल्ह्यातले गाव, तेथे १८७६ मध्ये जन्मलेले आणि १९५६ मध्ये अमरावतीजवळ वलगाव येथे देह ठेवलेले गाडगेबाबा. वेगवेगळ्या रंगांच्या चिंध्या जोडून केलेला कपडा त्यांच्या अंगावर असे. सुफी फकिरांच्या ठिगळांच्या झग्याला अरबीत ‘खिर्का’ म्हणतात. त्याही शब्दाचा अर्थ चिंधी. बाबांनी तो वेष सुफींपासून घेतला असे आम्ही म्हणत नाही. गरिबीला आणि वैराग्याला सगळीकडे ठिगळांचीच भाषा येते, एवढेच दिसते. त्यांच्या कपड्याकडे पाहून त्यांची जात ओळखावी, धर्म ओळखावा, असे कोणाला जमले नसते. फुस्तातच्या उकिरड्यातील ठिगळांचे तुकडेही असेच होते.

शेवटी एक विनंती. मिसरच्या वाळूने कपडे जपले, आपल्याकडे पावसाळा आणि वाळवी यांनी ते खाल्ले. आपला जुना कपडा उरतो तो गोधडीत. आजीचे लुगडे, आजोबांचे पागोटे, काकांची बाराबंदी, सारे तिच्या थरांत जाते. म्हणून आमची श्रोत्यांना अशी विनंती आहे की, घरी गेल्यावर एखादी जुनी गोधडी उसवण्याआधी ती जरा उजेडात पसरावी आणि घरातील सर्वांत वृद्ध बाईला शेजारी बसवून विचारावे : हा तुकडा कशाचा, त्याला काय म्हणत, तो कोणी विणला, कोणत्या बाजारातून आणला, कोण नेसत होते? ती सांगेल ते लिहून घ्यावे. वऱ्हाडच्या पोशाखाचा इतिहास लिहावयाचा तर त्याची सामग्री अशाच घरांत आहे.

त्या गोधडीत तेरच्या कोष्ट्याची रीत निघेल, अरबी नाव निघेल, मँचेस्टरचे सूत निघेल, खादीचा तुकडाही निघेल. मग उद्या जवाहर दरवाजातून जाताना समोरच्या माणसाच्या कपड्यावर निकाल देण्याची वेळ आली, तर आधी आपल्या सदऱ्याच्या गुंडीवर बोट ठेवून पाहावे.